लिफ्ट घेण्याआधी जमीन बघा

घरच्या गॅरेजमधल्या कार लिफ्टबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न: गॅरेजमध्ये जागा एका गाडीची आणि गाड्या दोन. एक रोजची, दुसरी जुनी. जुनीचं ब्रेक, क्लच, सायलेन्सरचं काम मी स्वतःच करतो. टू-पोस्ट घ्यावी की फोर-पोस्ट?

तुम्हाला लिफ्टकडून दोन कामं हवी आहेत: गाडी ठेवणं आणि गाडी दुरुस्त करणं. दोन्ही तितकीच चांगली करणारी लिफ्ट नाही. त्यामुळे यातलं जास्त वेळा कोणतं लागणार, ते आधी ठरवा.

टू-पोस्टमध्ये, म्हणजे दोन खांबांच्या लिफ्टमध्ये, चार हात गाडीला सिलखाली (दारांखालच्या कडेखाली) किंवा चासीखाली धरतात आणि चाकं मोकळी लोंबतात. ब्रेक, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स या कामांना याहून सोयीचं काही नाही. मात्र गाडी महिनोन्महिने तशीच टांगून ठेवायची तर सस्पेन्शन पूर्ण लोंबलेलं राहतं आणि रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात. शिवाय पार्किंगसाठी दर वेळी चार हात नेमक्या जागी बसवत बसावं लागतं. चार दिवसांत कंटाळा येतो, आणि कंटाळलेला माणूस हात घाईत लावतो.

फोर-पोस्टमध्ये, म्हणजे चार खांबांच्या लिफ्टमध्ये, गाडी स्वतःच्या चाकांवर दोन ट्रॅकवर उभी राहते. चढवली, हँडब्रेक ओढला, चाकांना पाचर लावली, वर नेली, खांबातल्या लोखंडी लॉकवर बसवली, की झालं. ऑइल, सायलेन्सर, प्रॉपेलर शाफ्ट ही कामं आरामात होतात. चाकं काढायची असतील तर दोन ट्रॅकच्या मधे सरकणारा ब्रिज जॅक वेगळा घ्यावा लागतो. क्लचचं कामही होतं, पण दोन ट्रॅकमधल्या फटीतून गिअरबॉक्स खाली उतरतो का, हे विकत घेण्याआधी मोजून बघा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून आमचं मत फोर-पोस्ट आणि ब्रिज जॅक. सोबत ठिबक ट्रे जरूर घ्या. वरच्या जुन्या गाडीतून ऑइलचा थेंब पडला तर पुसता येतो, ब्रेक ऑइलचा थेंब खालच्या गाडीचा रंग खातो.

प्रश्न: छताची उंची २.७५ मीटर आहे. एका गाडीवर दुसरी बसेल का? आणि टू-पोस्ट?

गणित मिलिमीटरमध्ये करा. समजा खालची गाडी १,४४० आहे. तिच्या टपावर किमान ५० मोकळे हवेत, म्हणजे ट्रॅकच्या तळाखाली १,४९० लागले. इथे बरेच जण चुकतात, कारण ट्रॅक हव्या त्या उंचीवर थांबत नाही, तो लॉकच्या खाचेवरच थांबतो. खाचा साधारण १०० मि.मी. अंतरावर असतील आणि १,४९० च्या वरची पुढची खाच १,५४० ला असेल, तर १,५४० धरायचे. ट्रॅकची जाडी १२० मिळवली की १,६६०. वरची गाडी १,३२० उंच असेल तर २,९८०, आणि छताला ५० सोडले की ३,०३०. तुमच्याकडे २,७५० आहेत. नाही बसत.

गाड्या वर-खाली बदलल्याने एकूण उंची बदलत नाही. खाचेच्या हिशेबात थोडाफार फरक पडला तर तेवढाच. एकच फट शिल्लक राहते: गाडीचं टप सगळीकडे सारखं उंच नसतं. छताला तुळया असतील तर गाडीचा सगळ्यात उंच भाग दोन तुळयांच्या मधे आणता येतो का ते पाहा. मोजमाप छतापासून घेऊ नका. तुळई, दिवा आणि वर सरकणाऱ्या दाराचा रूळ यांपैकी जे सगळ्यात खाली येतं तिथून घ्या. रूळ सोडून मोजलेलं गॅरेज लिफ्ट आल्यावर हमखास लहान होतं.

टू-पोस्टबद्दल: वरून आडवा बीम जाणाऱ्या प्रकाराला साधारण ३.६ मीटर उंची लागते. केबल जमिनीवरच्या पट्टीखालून नेणाऱ्या प्रकाराचे खांबही बहुधा २.८ मीटरच्या आसपास असतात. त्यामुळे तुमच्याकडे दोन्ही बसत नाहीत. मध्यम उंचीची सिझर लिफ्ट, म्हणजे गाडीखालून कात्रीसारखी उघडणारी, बसेल. १,४४० ची गाडी १,२५० उचलली तर टप २,६९० ला जातं. खाली ताठ उभं राहता येणार नाही, चाकांच्या स्टुलावर बसून काम होईल. सिझरची कात्री गाडीच्या बरोबर मध्यावर येते, हे लक्षात घ्या. ब्रेक आणि टायरच्या कामाला ती छान, गिअरबॉक्सच्या कामाला अडचण.

प्रश्न: विक्रेता म्हणतो, "साधा काँक्रीटचा कोबा चालतो, टाइल्स असल्या तरी हरकत नाही." खरं का?

टाइल्सवर टू-पोस्ट बसवायची नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे, पण कारणही समजून घ्या.

फोर-पोस्टचं वजन चार पायांवर सरळ खाली जातं. टू-पोस्टचं तसं नसतं. गाडी दोन खांबांच्या मधे हातांवर टांगलेली असते, म्हणून प्रत्येक खांब गाडीकडे, आतल्या बाजूला झुकू पाहतो. खांबाच्या तळपट्टीची आतली कड जमिनीत दाबली जाते आणि बाहेरच्या कडेचे बोल्ट वर उपटले जातात. ढोबळ हिशेब असा: गाडी २,००० किलोची, एका खांबावर १,००० किलो, आणि तो भार खांबाच्या मध्यापासून सुमारे ०.६ मीटर आत. तळपट्टीवरचं उपयोगी अंतर ०.४ मीटर धरलं, तर बाहेरच्या बोल्टांवर मिळून सुमारे १,५०० किलोची वरची ओढ येते. ही ओढ धरून ठेवतं ते काँक्रीट. टाइल आणि तिच्याखालचा मसाला यांना ओढ धरता येत नाही. शिवाय टाइल तडकली की तळपट्टी हलते, आणि हललेल्या तळपट्टीचे बोल्ट ढिले होतात.

बऱ्याच टू-पोस्ट लिफ्टच्या पुस्तिकांमध्ये किमान १०० मि.मी. जाडीचं आणि सुमारे २० मेगापास्कल ताकदीचं काँक्रीट मागितलेलं असतं. काही कंपन्या १५० किंवा त्याहून जास्त जाडी मागतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा शेवटचा. नवीन काँक्रीट ओतलं असेल तर २८ दिवस थांबा.

जाडी कशी कळणार? जिथे खांब येणार त्या जागी १० किंवा १२ मि.मी.च्या बिटने आरपार भोक पाडा. टोकाला काटकोनात वाकवलेली बारीक तार आत घाला, वाकवलेलं टोक काँक्रीटच्या खालच्या कडेला अडकवा, वर चिमटीत खूण धरा आणि बाहेर काढून मोजा. दोन्ही खांबांच्या जागी, प्रत्येकी निदान दोन ठिकाणी करा. घराच्या कोब्याची जाडी एका टोकाला १२० आणि दुसऱ्या टोकाला ७० निघणं ही नवलाईची गोष्ट नाही. भोक पाडताना बिट लोण्यात जावं तसं गेलं आणि बाहेर बारीक वाळूच आली, तर काँक्रीट कमजोर आहे असं समजा. ताकदीचा पक्का आकडा हवा असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, काढून तपासून घ्यावा लागतो.

ड्रिल चालवण्याआधी आणखी एक चौकशी: कोब्यात ताणलेल्या तारा आहेत का, किंवा जमीन गरम ठेवणाऱ्या नळ्या आहेत का? ताणलेली तार कापली गेली तर स्लॅबला धोका आणि ड्रिल धरणाऱ्यालाही. अशा जमिनीत इमारतीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही भोक नाही.

जाडी कमी निघाली तर खांबांच्या जागचा कोबा चौकोनात कापून, खोल खणून, सळया घालून नवा पाया ओततात. त्याची लांबी, रुंदी, खोली पुस्तिकेत दिलेली असते. जुन्या आणि नव्या काँक्रीटचा सांधा अँकरच्या (खांब जमिनीला धरणाऱ्या बोल्टच्या) जवळ येऊ देऊ नका. जुनी भेग किंवा सांधा असेल तर त्याच्यापासूनही निदान १५० मि.मी. दूर राहा, पुस्तिका जास्त सांगत असेल तर जास्त.

आता बोल्टबद्दल, कारण चुका इथेच होतात. वेज अँकरसाठी, म्हणजे भोकात फुगून बसणाऱ्या बोल्टसाठी, भोक अँकरच्याच व्यासाचं हवं, हॅमर ड्रिलने आणि खांबाला समांतर, उभं. भोकातली भुकटी आधी ब्रशने मोकळी करायची आणि मग व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. फुंकर मारून भागत नाही. भुकटी राहिली की अँकरचा पाचरीसारखा भाग काँक्रीटऐवजी भुकटीवर फुगतो, आणि टॉर्क देताना नट फिरतच राहतो. नट फिरतोय, बोल्ट हळूहळू वर येतोय आणि टॉर्क रेंच काही क्लिक देत नाही, असं दिसलं तर तो अँकर फुकट गेला. त्याच्यावर आणखी जोर लावू नका. खांब ओळंब्यात आणण्यासाठी तळपट्टीखाली घोड्याच्या नालेच्या आकाराच्या लोखंडी शिम (पातळ पट्ट्या) घालतात. अनेक पुस्तिकांत त्यांची मर्यादा १२-१३ मि.मी. असते. त्याहून जास्त उतार असेल तर जमीनच दुरुस्त करायची. शिम अँकरच्या भोवतीच असाव्यात, कडेला एकच ठोकून दिली तर नट घट्ट करताना तळपट्टी वाकते.

दुसऱ्या दिवशी सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, नंतर महिन्याभराने, पुढे पुस्तिकेत सांगितलेल्या काळाने.

प्रश्न: माझी इलेक्ट्रिक गाडी २,४०० किलोची आहे. ३.६ टनांची लिफ्ट भरपूर झाली ना?

एकूण आकड्याने पुरते, पण टू-पोस्टच्या एका हाताची क्षमता एकूण क्षमतेच्या पाव असते, म्हणजे ९०० किलो. गाडीचं ६० टक्के वजन एका अॅक्सलवर असेल तर त्या बाजूच्या दोन हातांवर १,४४० किलो, म्हणजे प्रत्येकी ७२०. इथवर ठीक. हेच गणित मालाने भरलेल्या पिकअपला लावलं की चित्र बदलतं. गाडीच्या वजनात हौद्यातलं सामान, टपावरचं कॅरिअर, गॅसची टाकी सगळं धरा.

तुमच्या गाडीबाबत वजनापेक्षा महत्त्वाचं आहे ते हातांच्या टोकाचे रबरी पॅड कुठे टेकतात. बॅटरीची पेटी दोन्ही सिलच्या मधला जवळपास सगळा तळ व्यापते. पॅड कंपनीने दाखवलेल्या उचलण्याच्या जागीच बसला पाहिजे. रुंद पॅडची कड पेटीला टेकत असेल तर लहान पॅड किंवा त्या गाडीसाठी मिळणारा अडॅप्टर घ्या. हात पूर्ण खाली असताना गाडीखाली सरकतात का, हेही घेण्याआधी मोजा.

प्रश्न: लिफ्ट बसवली, पण गाडी वर नेताना छातीत धडधड होते. नेमका क्रम काय?

धडधड होतेय हे चांगलंच आहे. टू-पोस्टसाठी क्रम सांगतो.

गाडी दोन खांबांच्या मधे सरळ आणा. पुढे-मागे किती, हे वजनाच्या मध्यावर ठरतं. इंजिन पुढे आणि चाकंही पुढचीच ओढणारी असतील तर जड भाग पुढे असतो. असमान हातांच्या लिफ्टमध्ये पुढचे हात आखूड आणि मागचे लांब असतात, त्यामुळे गाडी थोडी मागे सरकून बसते आणि दारं उघडायलाही जागा मिळते. लांब पिकअपला समान हातांची लिफ्ट बरी.

चारही पॅड गाडीच्या उचलण्याच्या जागांखाली आणा. चासीवर बांधलेल्या गाडीला चासीखाली, बाकीच्यांना सिलखाली, तेही खाच असलेल्या पॅडने, म्हणजे सिलची उभी कड चेपत नाही. रबरावर ऑइल किंवा ग्रीस असेल तर पुसून टाका. उंची कमी पडत असेल तर लिफ्टसोबत आलेला उंचीचा अडॅप्टर वापरा, लाकडाचा ठोकळा नको. सिल गंजलेली वाटली तर उचलण्याआधी स्क्रू-ड्रायव्हरच्या मागच्या टोकाने ठोकून बघा. भद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर तिथे पॅड लावू नका.

पॅड जेमतेम टेकतील इतकं वर न्या आणि थांबा. चारही पॅड बघा. प्रत्येक हाताच्या मुळाशी असलेलं दातेरी लॉक अडकलंय का, हात हलवून बघा. हे लॉक हात खाली असताना सुटं असतं आणि उचलताच दातात दात बसतो. कधी दात दातावर चढतो आणि अडकल्यासारखा दिसतो, पण अडकलेला नसतो. हात इंचभर हलवला की खट् करून बसतो.

चाकं जमिनीपासून २-३ सेंटिमीटर उचला. गाडीत कोणी नाही ना, ते बघा. पुढचा बंपर दोन्ही हातांनी नेटाने हलवा, मग मागचा. किंचित डुलेल ते चालतं. पॅडवर घसरली, कुरकुर झाली, एक कोपरा हलका लागला, तर खाली आणून पुन्हा लावा. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि कधीही टाळायचं नाही.

मग हव्या उंचीपर्यंत न्या. वर जाताना दोन्ही खांबांतून लॉकचा खटखट आवाज यायला हवा. उंची आल्यावर मोटर थांबवा आणि उतरवण्याची मूठ दाबून गाडी लॉकवर बसवा. हे करायचं राहून गेलेलं असतं तेव्हाच माणूस गाडीखाली शिरतो. लॉकवर न बसवलेल्या गाडीचं वजन ऑइल आणि सीलवर असतं, आणि सील कधी ना कधी गळतोच. ऑइल उचलण्यासाठी आहे, धरून ठेवायला लोखंड आहे.

दोन गोष्टी अलीकडच्या तक्रारींवरून. अॅक्सलचा मोठा नट जमिनीवरच सैल करून घ्या. वर गेल्यावर मीटरभर लांब पाइप लावून झटके दिले की गाडी पॅडवर सरकते. आणि इंजिन किंवा गिअरबॉक्स काढायचा असेल तर त्याआधी गाडीच्या दुसऱ्या टोकाखाली उंच आधार-स्टँड लावा. पुढचे दीडशे किलो निघाले की मागची बाजू जड होते. मोठे बोल्ट काढत असताना ते ध्यानात येत नाही, आणि येतं तेव्हा उशीर झालेला असतो.

खाली आणताना आधी किंचित वर उचला म्हणजे लॉकवरचं वजन निघतं, मग लॉक सोडा, आणि नजर दोन्ही खांबांवर ठेवून उतरवा. गाडी घसरायला लागलीच तर धरायला जाऊ नका, बाजूला पळा.

प्रश्न: एका खांबाचा लॉक आधी वाजतो, दुसऱ्याचा नंतर. बिघाड आहे का?

बहुतेक वेळा समतोल राखणाऱ्या केबल सैल झालेल्या असतात. नवीन केबल पहिल्या काही महिन्यांत ताणते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गाडी नसताना लिफ्ट अर्ध्या मीटरवर न्या. दोन्ही केबल मध्यावर अंगठ्याने ओढून बघा, साधारण १२ मि.मी. हलावी आणि दोन्ही सारख्या लागाव्यात. ज्या बाजूचा लॉक उशिरा वाजतो ती बाजू मागे राहिलेली असते. तिला उचलणारी केबल थोडी घट्ट करा, दुसरी तितकीच सैल, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यांनी. मग वर नेऊन ऐका. दोन्ही खट् एकदमच यायला हवेत.

केबल तपासताना हातमोजे घालून तिच्यावरून कापड फिरवा. कापड जिथे अडकेल तिथे तार तुटलेली आहे. तुटलेल्या तारा, गंज किंवा पुलीजवळ पडलेली चपटी जागा दिसली की केबल बदला, पण एकटी नाही, जोडीने.

प्रश्न: मोटर गुणगुणते पण उचलत नाही. दुसऱ्या वेळी उचललेली गाडी रात्रभरात चार बोटं खाली आली.

नुसती गुणगुण येत असेल तर आधी वीज तपासा. बहुतेक घरगुती लिफ्टच्या मोटरसाठी स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र ब्रेकर हवा. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरमध्ये व्होल्टेज पडतं, मोटर सुरू होऊ शकत नाही आणि तापते. व्होल्टेज बरोबर असेल तर कपॅसिटर.

मोटर फिरतेय पण गाडी हलत नाही, तर ऑइल कमी आहे किंवा पंप हवा ओढतोय. ऑइल लिफ्ट पूर्ण खाली असतानाच मोजायचं आणि भरायचं. वर असताना टाकी भरली तर खाली येताना ती ओसंडून वाहते. पुस्तिकेत बहुधा आयएसओ व्हीजी ३२ हायड्रॉलिक ऑइल किंवा ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल सांगितलेलं असतं. ब्रेक ऑइल कधीही नको, सगळे सील फुगतात. दुधाळ किंवा फेसाळ ऑइल म्हणजे त्यात पाणी किंवा हवा. आणि उचलत नाही म्हणून प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह आवळू नका. तो लिफ्टला जास्त वजनापासून वाचवायला आहे.

आता चार बोटं खाली आलेली गाडी. याचा अर्थ ती लॉकवर बसवलेली नव्हती. ते आधी. दुरुस्तीसाठी बाहेर कुठे गळतंय का बघा. बाहेर कोरडं असेल तर उतरवण्याच्या व्हॉल्व्हच्या बसणीत कचरा अडकला असण्याची शक्यता जास्त. हायड्रॉलिकचं कुठलंही काम रिकामी लिफ्ट पूर्ण खाली आणून करायचं.

प्रश्न: गाडी वर असताना वीज गेली तर?

लॉकवर असेल तर तशीच राहू द्या, काम चालू ठेवायलाही हरकत नाही. उतरवता मात्र येणार नाही, कारण लॉक सोडण्यासाठी आधी थोडं वर उचलावं लागतं आणि त्याला मोटर लागते. काही पॉवर युनिटना हातपंप जोडता येतो. ती सोय नसेल तर वीज यायची वाट बघा. खालून जॅक लावून लॉक सोडवायचा प्रयत्न करू नका.

प्रश्न: जुनी लिफ्ट स्वस्तात मिळतेय. काय बघू?

नावाची पट्टी, क्षमता आणि पुस्तिका मिळते का ते आधी बघा. युरोपात ईएन १४९३ आणि उत्तर अमेरिकेत एएनएसआय-एएलआय मानकांनुसार तपासलेल्या लिफ्टवर तसं लेबल असतं. नंतर खांबांच्या तळाशी आणि हातांच्या सांध्यांशी वेल्डिंग पुसून नीट बघा. नुकताच रंग मारलेला असेल तर का मारला, ते विचारा. हात वर-खाली हलवून पिन किती ढिल्या आहेत ते बघा. रिकामी लिफ्ट पूर्ण वर नेऊन प्रत्येक लॉक वाजतो का ते ऐका, आणि शक्य असेल तर त्यांच्यासमोरच गाडी चढवून अर्धा तास वर ठेवा. जुने अँकर बोल्ट घेऊ नका. एकदा फुगलेला वेज अँकर पुन्हा तसा धरत नाही, नवीनच आणा.